तिसऱ्या प्लगची वायर

जुनी गाडी महिनाभर थडथडत होती, आणि गाडीपेक्षा जास्त नवरा. रविवारी त्याने अंगणात बॉनेट उघडलं आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं.

"इंजिन चालू ठेव, अक्कल पाजळू नकोस," तो खेकसला. "एकेका प्लगची वायर काढून बघायची. आवाज बदलला तर प्लग चांगला. काहीच फरक पडला नाही, तर तो बाद!"

तिसरी वायर काढली, तर इंजिनाने दखलही घेतली नाही. तो प्लग खोलून त्याने कचऱ्यात भिरकावला.

"अहो, साफ करून चालेल कदाचित," ती म्हणाली.

"बाद प्लग ठेवून काय लोणचं घालायचंय?"

पायरीवर बसलेली त्याची आई म्हणाली, "अरे, जरा हळू बोल तिच्याशी." झालं! त्याचं डोकंच फिरलं. "माझ्या जिवावर चाललंय हे घर! राहा चार दिवस माझ्याशिवाय, म्हणजे कळेल," असं बजावून तो तरातरा मित्राकडे निघून गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो ऐटीत परतला. तिने दार फटीपुरतंच उघडलं.

"काय, पडला ना फरक?" त्याने विचारलं.

"चार दिवस वायर काढून पाहिली. आवाजात काडीचाही फरक नाही," ती म्हणाली आणि आत वळून तिने सासूला विचारलं, "आई, घेऊ का ह्यांना आत?"



आतून सासूबाई कडाडल्या, "बाद प्लग ठेवून काय लोणचं घालायचंय?"