मागचे आठ स्विच

मंगळवारी सकाळी नकाशे उतरवायचा टॅब्लेट पुन्हा बोलेनासा झाला. प्रमिलाबाईंनी भिंगातली फुली नकाशाच्या कोपऱ्यावर आणून बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपका उमटला नाही. टॅब्लेट सापडत नाही, एवढी एक ओळ आली.

तीन आठवड्यांतली ही चौथी खेप. त्यांनी वहीत वेळ लिहिली, केबल काढून तिच्या पिना पाहिल्या, पुन्हा बसवली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तीच ओळ. शेवटी धुळ्याला, यंत्र दुरुस्त करणाऱ्या यादवला फोन लावला.

जळगावच्या त्या खासगी सर्वेक्षण कार्यालयात दोनच ट्रेसर होत्या, प्रमिलाबाई आणि लिलाबाई. अठरा वर्षं दोघी शेजारच्या टेबलांवर जुने नकाशे शाईनं उतरवत होत्या. त्र्याण्णव साली ड्रॉइंग बोर्डाएवढा हा टॅब्लेट आला. नकाशा त्यावर पसरायचा, भिंग रेषेवरून फिरवायचं, की तीच रेष कॉम्प्युटरमध्ये. इंटर सायन्स झालेल्या प्रमिलाबाईंनी इंग्रजी पुस्तक घरी नेऊन वाचलं आणि दीड महिन्यात यंत्र हाताखाली आणलं. शनिवारी धुळ्याचे अधिकारी काम पाहायला येणार होते. त्या दिवशी टॅब्लेट नीट चालला, तर नवा विभाग सुरू होणार होता आणि त्याच्या प्रमुख प्रमिलाबाई.

"पुन्हा रुसला का तुझा जावई?" लिलाबाईंनी पेन पुसत विचारलं.

"तू येऊन समजूत घाल त्याची."

"माले त्यामा काय समजस, माय! मी आपली शाईवाली बरी."

दुपारच्या एसटीनं यादव आला. त्यानं टॅब्लेट उभा केला आणि मागच्या आठ बारीक स्विचांवर बॅटरी धरली.

"ताई, हे कोणी हलवले? टॅब्लेट किती वेगानं बोलणार ते हे ठरवतात. कॉम्प्युटर ऐकतोय नऊ हजार सहाशेनं, हा बोलतोय बाराशेनं. कसं जमायचं दोघांचं?"

"याआधीही हेच होतं?"

"मागच्या तिन्ही वेळा. मला वाटलं, पुसताना धक्का लागत असेल. पण धक्क्यानं दर वेळी नेमके तेच दोन हलत नाहीत." त्यानं टोकदार पिनेनं स्विच जागेवर आणले आणि फुंकर मारली. "आणि ही पांढरी पूड कसली?"

"धूळ असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या.

ती धूळ नव्हती. ट्रेसिंगच्या कापडावर शाई धरावी म्हणून आधी चोळतात ती पूड होती. प्रमिलाबाईंनी दोन महिन्यांत ती हातात धरली नव्हती. कार्यालयात ती आता एकच जण वापरत होती.

यादवनं जाण्याआधी कार्यालयप्रमुख चौधरीसाहेबांना सगळं सांगितलं. साहेब हॉलमध्ये आले. "हे ज्यानं केलं, त्यानं उद्या अकरापर्यंत माझ्याकडे यावं. मला शोधावं लागलं, तर त्याला घरी पाठवीन."

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या स्टेशन रोडनं चालत निघाल्या.

"लिला, पूड दिसली मला."

लिलाबाई थांबल्या.

"इतकी भीती वाटली त्या यंत्राची? माझ्याशी तरी बोलायचंस."

"साहेब काढतील मला, प्रमिला. दोन पोरी आहेत. पोरींचे वडील असते तर गोष्ट वेगळी."

"काढणार नाहीत. मी सांगते, वेग वाढतो का पाहायला मीच स्विच हलवले. मला रागावतील, फार तर महिनाभर बोलणार नाहीत."

"तुझी जागा गेली तर?"

"दुसरं कोण चालवणार आहे ते?"

लिलाबाईंनी प्रमिलाबाईंचा हात दाबला. नको म्हणाल्या नाहीत.

बुधवारी साडेदहालाच प्रमिलाबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. ठरवलेलं वाक्य त्यांनी नीट म्हटलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चारही वेळा तुम्हीच?"

"हो."

"हलवलेले स्विच परत जागेवर का नाही आणलेत? मला का नाही सांगितलंत?"

"चूक झाली," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तुमची नोकरी जाणार नाही. पण शनिवारी टॅब्लेटवर लिलाबाई बसतील. विभागही त्याच पाहतील."

प्रमिलाबाईंना हसू आलं. "साहेब, तिला त्यातलं काही येत नाही."

"येतं. महिनाभर दर रविवारी माझ्याकडून किल्ली नेऊन त्या इथे सराव करताहेत." साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि स्विच तुम्हीच हलवता हे पहिल्याच वेळी त्यांनी मला सांगितलं होतं. तुमच्यासारख्या बाईवर आळ घेता म्हणून मीच त्यांना रागावलो."