लोण्याशिवाय

सासूबाईंनी हात पुन्हा गार पाण्यात बुडवले, कोरडे पुसले आणि पिठात घातले. फ्रिजमध्ये थिजवलेलं खोबरेल तेल त्या बोटांच्या टोकांनी पिठात चुरत होत्या. तळव्यांची ऊब लागली की तेल वितळायचं, पीठ चिकट व्हायचं आणि ओव्हनमधून खुसखुशीत चुऱ्याऐवजी अखंड फरशी बाहेर यायची. आधी अशा दोन फरशा निघाल्या होत्या.

सून समोर बसून सफरचंदं चिरत होती. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती संध्याकाळच्या आत सांगणं भाग होतं.

संध्याकाळी नणंद जेवायला येणार होती. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. वहिनीला दूध सोसत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदाचं बघून टाकू, असं तिने फोनवर जाहीर केलं होतं. येताना ती सुई आणि नळ्या घेऊनच येणार होती.

तपासणीत काही निघणार नव्हतं. सुनेला दूध अगदी व्यवस्थित सोसत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी कौतुकाने दुधाचा मोठा पेला तिच्यापुढे ठेवला होता. वर जाड साय. साय बघितली की तिला लहानपणापासून मळमळायचं. पण घर दूधवाल्यांचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि सगळं खानदान लोण्यावर पोसलेलं. साय आवडत नाही म्हणायचा तिला धीर झाला नाही. मला दूध सोसत नाही, असं ती म्हणून गेली. पेला परत जाईल आणि विषय संपेल, एवढाच तिचा हिशेब होता.

पेला परत गेला. त्याच्या मागोमाग लोणी गेलं, चीज गेलं, दही गेलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दुधाचा थेंब येऊ दिला नाही. सासरे चहा खाली दुकानातच घेऊ लागले. दूधवाल्याच्या घरातून सुनेने दूध हद्दपार केलं, असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. सून मान खाली घालायची. दुपारी ऑफिसात ती मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खायची आणि घरी निघण्याआधी तोंड धुवायची.

सफरचंदाच्या फोडींवर पिठाचा चुरा पसरून भाजलेला सासूबाईंचा लोण्यातला क्रम्बल गल्लीत नावाजलेला होता. आता तोच त्या नव्याने शिकत होत्या. आधी साधं तेल घालून पाहिलं, तर ओली वाळू झाली. मग वाण्याच्या दुकानातून मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं लोणी, आणलं. घरी येऊन चष्मा लावला, डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, त्यात दुधाची भुकटी निघाली. त्या तशाच पायात चपला सरकवून डबा परत करायला गेल्या आणि आमच्या सुनेच्या जिवाशी खेळता का, म्हणून दुकानदाराला चार लोकांत झापून आल्या. सून तेव्हा शेजारीच उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

आता सासूबाईंनी पिठात ओट्स आणि बदामाची पूड मिसळली. फोडींना कॉर्नफ्लोअर चोळायला त्यांनी सुनेला सांगितलं, म्हणजे रस सुटून वरचा थर भिजत नाही.

सासरे रुमाल न्यायला वर आले. भांड्यात डोकावून त्यांनी विचारलं, “आजही भुसाच का?”

सासूबाई पीठ चुरतच राहिल्या. सासरे सुनेकडे वळले.

“गंमत करतो गं. तू येण्याआधी हिला जेवण झालं की आडवं व्हावं लागायचं. कायमचं पित्त. तू आलीस आणि पित्त पळालं. यालाच पायगुण म्हणतात. त्यापुढे लोण्याचं काय घेऊन बसलीस?”

ते खाली गेले. सुनेला चिरताना फोडी धड दिसेनात. सासूबाई पीठ चुरता चुरता बोलत होत्या, की ताईचं, म्हणजे नणंदेचं, हे सुयांचं खूळ आपल्याला मुळीच पसंत नाही, चांगल्या माणसाला कशाला टोचायचं, तिला परस्पर वाटेला लावू. या बाईला मला टोचलेली सुईसुद्धा सहन होणार नाही, असं सुनेच्या मनात आलं, आणि तिने सुरी खाली ठेवली.

“आई, मला दूध सोसतं.”

सासूबाईंचे हात थांबले.

सुनेने सगळं सांगितलं. साय, पेला, ऑफिसातलं आइस्क्रीम, तोंड धुणं. सांगताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. सासूबाईंनी फोडी भांड्यात पसरल्या, वर चुरा घातला, तो न दाबता हलकेच सारखा केला आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. मग त्यांनी जाऊन स्वयंपाकघराचं दार लावलं.

“यांना सांगितलंस?”

“नाही.”

“ताईला? नवऱ्याला?”

“कुणालाच नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं. संध्याकाळी सगळ्यांसमोर माफी मागते.”

सासूबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. हाताला लागलेलं पीठ त्या नखाने खरवडत राहिल्या.

“मागू नकोस,” त्या म्हणाल्या. “सुईची भीती वाटते म्हण. काहीही म्हण. पण हे बोलू नकोस.”

“आणि आयुष्यभर तुम्हाला असं राबवू? मला लाज वाटते, आई.”

सासूबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला.

“तू खरं बोललीस की उद्या सकाळी लोणी वर येईल,” त्या म्हणाल्या. “दूधवाल्यांच्या घरात सून होऊन आले. मला दूध सोसत नाही, हे उभ्या जन्मात कुणाला सांगू शकले नाही.”