पाहुणी दाराबाहेर
गेल्या दोन्ही भेटींत एर्मेलिंदाआजींचा रक्तदाब चढलेला होता. आज तिसऱ्यांदा चढला, तर मुलगा त्यांना कायमचं राजधानीत नेणार होता. भरलेली बॅग दाराशीच उभी होती. आरोग्यसेविका योर्लेनीने दंडाला पट्टा बांधला. “आजी, पाच मिनिटं गप्प बसा. बोललं की आकडा चढतो, संशोधकांनी मोजलंय.” “घरात पाहुणी आणि मी तोंड शिवून बसू? आमच्या निकोयात असं फक्त भांडल्यावर बसतात, पोरी. कॉफी गाळू?” दोन्ही भेटींत त्या बोलतच होत्या, योर्लेनीला आठवलं. यंत्राला पाच मिनिटांनंतरची वेळ लावून ती बाहेर आंब्याखाली जाऊन पाठमोरी बसली. आता घरात पाहुणी नव्हती. आतून चकार शब्द आला नाही. यंत्र वाजल्यावर तिने आकडा पाहिला: जेमतेम एकशे अठ्ठावीस, चढलेला नव्हता. आजींनी बॅग पायाने सारून तिथे खुर्ची मांडली. “बस आता. शेजारणीचं सांगायचं राहिलंय.”