चाच्यांचा फोन

फोन वाजला तेव्हा मनिषा सोयाबीनच्या पातीत वाकलेली होती. नंबर परदेशी होता. तिनं विळा खाली टाकला आणि शेजारच्या पातीतल्या सासूकडं नुसतं पाहिलं. रुख्मिणीच्या तोंडचं पाणीच पळालं.

दोन महिन्यांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी एक मालवाहू जहाज पळवलं होतं. मनिषाचा नवरा धम्मपाल त्याच जहाजावर स्वयंपाकी होता. कंपनीचा साहेब मुंबईहून अधूनमधून फोन करून धीर धरा म्हणायचा. आपल्या घरचं कुणी जहाजावर नसलं की असा धीर फुकट वाटता येतो. येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी रुख्मिणीनं जन्मात पाहिलं नव्हतं. लेक कुठं अडकलाय ते तिला उमगत नव्हतं, त्याला मारतात एवढं मात्र कळत होतं.

मनिषानं फोन स्पीकरवर टाकला.

"तेरा आदमी मेरे पास है," पलीकडचा माणूस मोडक्या हिंदीत बोलायला लागला. "कंपनी पैसा नहीं देता. अभी तू रोने का. जोर से. हम रेकॉर्ड करेगा, कंपनी को सुनाएगा."

मग धम्मपालचा आवाज आला. घसा बसलेला होता, पण आवाज त्याचाच.

"मनिषा, ह्येला मराठी समजत न्हाई, नीट ऐक. आमच्या इंजिनवाल्याची बायको फोनवर धाय मोकलून रडली. दुसऱ्याच दिवशी ह्येंनी मागणं डबल केलं अन् कंपनीवाले बोलणी सोडून उठले. तू रडलीस की आमी हितंच सडतो. काय बी आयकू आलं तरी रडायचं न्हाई."

"काय बी म्हंजे?"

"मारतील थोडं. मारू दी."

मनिषा फोन मातीत ठेवून त्याच्यापुढं बसली. रडायचं तर तिला होतंच. दोन महिन्यांचं सगळं रडू साचलं होतं, आणि आता तर वरून चाच्याचा हुकूमच सुटला होता.

"रो!" तो माणूस ओरडला.

"नई रोती."

"क्यों? तेरा आदमी नहीं है क्या?"

"मेराच आदमी है. इसीलिए नई रोती."

पलीकडं काहीतरी सपकन वाजलं. पुन्हा वाजलं. दात आवळून दाबलेलं कण्हणं ऐकू आलं. रुख्मिणीनं ते ओळखलं आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं. मनिषानं आपला तळहात तिच्या तोंडावर गच्च दाबला. म्हातारीनं कडकडून चावा घेतला, पण मनिषानं हात काढला नाही. आजूबाजूच्या बाया काम टाकून उभ्या राहिल्या होत्या.

"जेवलाव का तुमी?" मनिषानं विचारलं. आवाज कापत होता, रडका नव्हता.

पलीकडं धम्मपाल खोकल्यासारखा हसला.

"जेवलो की. समद्यांचं मीच करायलोय. ह्येंच्या भातात मूठभर मीठ जास्तीचं टाकतो. बोंबलतेत अन् खातेत."

मनिषाला हसू फुटलं. कुठून आलं ते तिचं तिलाच कळेना, पण ती खळखळून हसली. पलीकडचा माणूस आपल्या भाषेत काहीतरी खेकसला आणि फोन बंद झाला.

तिनं सासूच्या तोंडावरचा हात काढला. दातांच्या खुणांतून रक्त आलं होतं.

"रडा आता, आत्या. फोन बंद झालाय. पोटभर रडा."

रुख्मिणी रडली नाही. तिनं पदराचा बोळा करून सुनेच्या हातावर दाबून धरला. दुसऱ्या हातानं मातीतला फोन उचलला, पुसला आणि आपल्या कमरेला खोचला.

"फिरून वाजला तर मी उचलते," ती म्हणाली. "बघू, कोन रडतंय."