डाव्या हातचा मळ

दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्याच्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. उरलेला गाल केला. तुरटी फिरवली, मानेवरचा फेस पुसला. गिऱ्हाईक गेल्यावर तो त्याच खुर्चीत बसला. अर्धं काम टाकून उठायचं नाही, ही त्याची जुनी खोड.

बायको मात्र अर्धं टाकून गेली होती. लेकीच्या नव्या घरात गोल टेबल होतं. त्यासाठी ती क्रोशाचं टेबलक्लॉथ विणत होती. मधल्या ठिपक्यापासून तीस फेऱ्या झाल्या होत्या, सहा राहिल्या होत्या. सुई शेवटच्या टाक्यात तशीच अडकलेली.

महिन्याभराने मेव्हणी आली. विणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "सहाच फेऱ्या ना? माझ्या डाव्या हातचा मळ!" म्हणत ती बसली. पाच मिनिटांत तिने कपाळाला हात लावला.

"भावोजी, आमची ताई डावखुरी. तिचं सगळं उलट्या दिशेने फिरलंय. मी पुढे विणलं की मागची बाजू वर येते. हे बघा."

त्याने बघितलं. मेव्हणीचे दहा-बारा खांब, म्हणजे उभे टाके, बाकीच्यांकडे पाठ करून उभे होते, रुसल्यासारखे.

"मग?"

"मग काय, सगळं उसवायचं. त्याच दोऱ्याचं मी पहिल्यापासून विणून देते. पोरीला टेबलक्लॉथ मिळाल्याशी कारण."

शेजारी बसलेल्या लेकीने बापाकडे बघितलं.

"तिचा एक टाका उसवायचा नाही," तो म्हणाला.

"मग पुरं कोण करणार? तुम्ही?"

मेव्हणीच्या पिशवीत तिने स्वतः विणलेला एक छोटा गोल रुमाल होता. तो आणि टेबलक्लॉथ घेऊन तो पुढच्या खोलीत गेला. तिथेच त्याचं सलून होतं. रुमाल त्याने आरशासमोर धरला. आरशातला रुमाल आणि हातातलं टेबलक्लॉथ एकाच दिशेने फिरत होते. चाळीस वर्षं तो आरशात बघूनच काम करत आला होता. तिथे उजव्याचं डावं कसं होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"इकडे या," त्याने हाक मारली. "बसा खुर्चीत."

"माझी दाढी करताय की काय?"

"विणायला घ्या. मी आरशात बघून शिकतो."

मेव्हणी पुटपुटत बसली आणि विणू लागली. तो तिच्या मागे उभा राहिला, गिऱ्हाइकाच्या मागे राहायचा तसा. आरशात सुई डाव्या हातात होती. बायकोचंच नाक, करंगळीला दोऱ्याचा तोच वेढा. तो झटकन वळला आणि स्वच्छ कात्री पुन्हा पुसू लागला.

"काय झालं?"

"काही नाही. चालू ठेवा. सावकाश."

त्याचा डावा हात काही अगदीच अडाणी नव्हता. एका गालाला उजव्या हातात वस्तरा आणि दुसऱ्या गालाला डाव्या, असं तो तरुणपणी शिकला होता. तरी तीन आठवडे त्याने टाकाऊ दोऱ्यावरच हात बसवला. अंगठा सुजला. मेव्हणी दर सुट्टीला यायची आणि तोंडसुख घ्यायची. "हा क्रोशाचा खांब की वादळात वाकलेला विजेचा?"

चौथ्या आठवड्यात त्याने टेबलक्लॉथला हात घातला. मेव्हणीचे खांब उसवले, तेवढेच. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "सलून बंद आहे का?"

"चालू आहे. एवढी फेरी होऊ दे."

सहा फेऱ्या झाल्या त्या दिवशी ते टेबलक्लॉथ लेकीच्या टेबलावर अंथरलं. कड सगळीकडून सारखी खाली आली. मेव्हणीने चष्मा पुसला, टेबलाभोवती दोनदा फिरली आणि एका जागी बोट टेकवलं.

"सापडलं! इथे एक खांब खाल्लाय. इथून भावोजी सुरू."

"ती बाविसावी फेरी आहे," तो म्हणाला. "तिची. त्या दिवशी ती माझ्याशी भांडत होती."

मेव्हणीने बोट उचललं. पुन्हा वाकली. मग सगळ्या टेबलावरून तळहात फिरवत गेली, मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत, आणि कडेपासून परत. कुठेच थांबली नाही.

"नाही बाई ओळखता येत," ती शेवटी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

लेक हसता हसता रडली. मग तिने घरातली कात्री आणून दिली. "बाबा, आता दोरा कापा."

त्याने कात्री हातात घेतली. सवयीने दोनदा हवेत वाजवली. मग टेबलावर ठेवली.

"बघू. आधी जेवून घेऊ."

याला चार महिने झाले. दोऱ्याचा गुंडा टेबलाखाली टोपलीत आहे, आणि जेवायला बसणारे पाय जपून ठेवतात. दोरा कापायचा राहिला आहे.