चौथीचा वर्ग

साहेब, माझी शाळा तुम्ही वाऱ्यावर सोडलीत. बढतीसाठी एम.एड. कराच म्हणालात, रजाही दिलीत. पण त्या एकशिक्षकी शाळेवर बदली शिक्षक काही पाठवला नाहीत.

आज विद्यापीठात माझा सराव पाठ होता. चाळिशीतले माझे सहाध्यायी चौथीची मुलं होऊन बाकांवर बसले होते. एक टकलू ओरडला, "बाई, हा चिमटे काढतोय!" वर्ग खिदळला.

तेवढ्यात शाळेतल्या खिचडीवाल्या मावशींच्या फोनवरून माझ्या चौथीतली सलोनी बोलली, "बाई, पाढे म्हणून झाले. नवे सर आलेच नाहीत. आता आम्ही काय करायचं?"

मी उत्तर देणार, तोच मागून प्राध्यापक खेकसले, "मॅडम, फोन ठेवा. मुलं खोळंबलीत!"

तुम्हीच सांगा साहेब, कोणती मुलं?