वकिलाचा शब्द

लेकीनं पोर्तुगीज मुलगा पसंत केला म्हटल्यावर केशवापूरच्या गुरुप्रसाद वकिलांचं टाळकंच सरकलं. "तुमच्या लोकांनी इथून नेलेलं सगळं आधी परत करा, मग लग्नाचं बोला," त्यांनी मुलाला सुनावलं.

"करतो, अप्पा," मुलगा मोडक्या मराठीत अदबीनं म्हणाला. "पण मग आम्ही आणलेलंही परत द्या."

"खुशाल न्या! वकिलाचा शब्द आहे."

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि घरातली मिरची, बटाटे, टोमॅटो, शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरून मुलाच्या हातात ठेवली.

तीन दिवस वकील मिरपूड घातलेलं वरण जेवले. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मिरची-भज्यांचा वास आला, तसा त्यांनी फोन लावला.

"जावईबापू, गोव्याची साडेचारशे वर्षं माफ केली. येताना ती पिशवी तेवढी आणा."